तापीच्या धारेत आंधळी चंद्री

नावाड्याला लोक एकच प्रश्न विचारतात. चहा पुढे ठेवतील, खुशाली विचारतील, मग हळूच म्हणतील, "नाव कधी बुडाली का हो?" बुडाली नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आता "एकदा बुडता बुडता राहिली," असं सांगायला शिकलो आहे. ते खोटंही नाही. दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा तेच एकदाचं नीट लिहून टाकावं असं मनात आलं. सून म्हणते, "आबा, लिहा, म्हणजे निदान आम्हाला तरी परत परत ऐकावं लागायचं नाही."

सारंगखेड्याला आता पूल आहे. एस.टी. दोंडाईच्याहून येते, पुलावरून धडधडत जाते, आणि निम्म्या उतारूंना मध्ये नदी लागली याचा पत्ताही नसतो. आमच्या वेळी तापी लागली की माणूस बोलता बोलता थांबायचा. दक्षिणेकडून रस्ता उताराला लागला, बाभळी संपल्या की एकदम समोर सगळं पाणीच. डोकं डावीकडून उजवीकडे फिरवल्याशिवाय ती डोळ्यांत मावायची नाही. पलीकडचा काठ, त्याच्या मागं गाव, आणि हवा स्वच्छ असली तर फार लांब सातपुड्याची निळी रेघ. मी जन्मलो तिच्या काठावर, पोट भरलं तिच्या जिवावर, तरी सकाळी घाटावर उभा राहिलो की मला रोज नव्यानं धाक वाटायचा. आजही त्या काठाला गेलो की तसाच वाटतो.

आता धंद्याचं थोडं सांगतो. पुष्कळांना वाटतं, नाव या घाटावरून निघते आणि समोरच्या घाटाला लागते, त्यात काय मोठंसं. समोर जायचं म्हणून नाव समोर धरली, तर वाहतं पाणी तिला खाली कुठल्या कुठे नेऊन टाकतं. म्हणून आम्ही आधी काठाकाठानं नाव वर ओढत न्यायचो. दोघंजण दोर खांद्यावर घेऊन चिखलातून चालायचे, एकजण बांबूनं नाव काठापासून दूर ठेवायचा. पाणी जितकं जोरात, तितकं जास्त वर जायचं. मग उतारू बसायचे, आणि वल्ही मारत नाव तिरकी सोडायची. नदी तिला खाली ढकलते, आपण तिला पुढे ढकलतो, आणि दोघांचं जमलं तर ती बरोबर समोरच्या घाटाला लागते. किती वर न्यायचं याचं मोजमाप कुठं लिहिलेलं नव्हतं. ते उखाबाबांच्या डोळ्यांत होतं.

उखाबाबा म्हणजे माझे चुलते. मागच्या टोकाला सुकाणू धरून उभे राहायचे. अंगानं वाळलेले, डोक्याला फडकं, आणि जिभेनं फार कंजूष. घरात काकू बोलायची आणि बाबा मान हलवायचे. पण पावसाळा असो की उन्हाळा, त्यांची नाव घाटाच्या दगडालाच लागायची. हातभर खाली नाही, हातभर वर नाही. काठावरची माणसं मुद्दाम बघत उभी राहायची. बाबा काही दाखवायचे नाहीत, पण नाव दगडाला टेकली की मिशीला एकदा हात जायचा. त्या मिशीवरून आम्ही त्यांना मागून खूप हसायचो.

आमचे उतारू दोन तऱ्हेचे. एक रोजचे, एक प्रसंगाचे. रोजच्यांत दुधाच्या घागरी घेऊन येणाऱ्या बाया, टपालाची थैली पाठीवर टाकलेला हरकारा, आणि एक मास्तर. मास्तर राहायचे सारंगखेड्यात आणि शिकवायला दक्षिणेच्या काठावरच्या गावी जायचे. सकाळी आमच्याबरोबर पलीकडे, संध्याकाळी परत. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "सुका, तुला वाचता येतं का रे?" मी म्हटलं, "मास्तर, वल्हं हातात असल्यावर पुस्तक कुठं धरू?" त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि माझ्यासमोरच्या फळीवर 'त' काढला. ऊन असं कडक की अक्षर वाळायच्या आत ओळखावं लागायचं. नदी ओलांडेपर्यंत दोन-तीन अक्षरं व्हायची. मी जे काही आज लिहितो आहे ते त्या फळीवर शिकलेलं आहे. माझं अक्षर घाईघाईचं आहे असं अंकवाले म्हणतात, तर त्याचं कारण हे असं आहे.

दुसरे एक शेठजी होते. मारवाडी माणूस, कापडाचं दुकान, माल दोंडाईच्याला रेल्वेनं यायचा म्हणून आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. पाण्याची त्यांना भयंकर भीती. नावेत बसले की छत्री मांडीवर आडवी घ्यायची, डोळे घट्ट मिटायचे आणि नामस्मरण सुरू. नाव दगडाला टेकली की डोळे उघडायचे. म्हणजे इतकी वर्षं तापी ओलांडूनही त्यांनी तापी मधून कधी पाहिलीच नव्हती. एका पावसाळ्यात पूर ओसरत असताना आम्ही निघालो, आणि वरून एक अख्खं उंबराचं झाड वाहत आलं. मुळं खाली, फांद्या वर, उभंच्या उभं. त्यावर वानरांचा एक कळप बसलेला होता. पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या आणि शेंड्यावर एक म्हातारा हुप्या. सगळे अगदी गप्प, आमच्याकडे बघत आमच्या पुढून निघून गेले. नावेतल्या बायांनी हात जोडले. शेठजी डोळे मिटूनच विचारत होते, "काय झालं? अरे भाया, काय झालं?" पलीकडे गेल्यावर त्यांना सगळं कळलं, तेव्हा माणूस हळहळला. दुसऱ्या फेरीपासून शेठजींनी डोळे सताड उघडे ठेवले. भीतीनं घाम फुटायचा, छत्रीवर मुठी आवळलेल्या असायच्या, पण नजर वरच्या अंगाला. "सुका, आज कुछ आवेगा क्या?" असं दर वेळी विचारायचे. तसं झाड परत कधी आलं नाही. पण शेठजींनी त्या निमित्तानं तापी पाहिली.

आता मुख्य गोष्टीसाठी आमचा एक रिवाज सांगायला हवा. नदीच्या मध्यभागी जिथं पाणी सगळ्यात खोल आणि सगळ्यात जोरात असतं, त्या पट्ट्याला आम्ही धार म्हणतो. धार लागली की उखाबाबा डावा हात वर करायचे. हात वर गेला की नावेत सगळ्यांनी गप्प बसायचं. भांडणारे असोत, गाणारे असोत, वरात असो, धार ओलांडेपर्यंत चकार शब्द नाही. वाजंत्री नावेत असली तर वाजंत्रीसुद्धा बंद. "माय बोली ऱ्हायनी, आपुन ऐकानं," एवढंच बाबा सांगायचे. त्यात भक्ती होती आणि कामही होतं. नदी आपली वाळू दर पुरात हलवते. काल जिथं खोल होतं तिथं आज उथळ. नावेच्या बुडाखाली पाण्याचा आवाज बदलतो त्यावरून बाबांना कळायचं की पुढं काय आहे. आम्हाला नुसती खळखळ ऐकू यायची, त्यांना त्यात शब्द ऐकू यायचे.

सातपुड्यातून पावरा आदिवासी मंडळी यायची, त्यांना मात्र हे सांगावं लागायचं नाही. ती काठावर आली की आधी पाण्याशी उकिडवी बसायची, मूठभर दाणे पाण्यात सोडायची, आणि त्यांच्यातला म्हातारा पाण्याला हात लावून काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी त्यांच्यातल्या एका जाणत्याला विचारलं की म्हातारा काय म्हणतो. तो म्हणाला, "आम्ही अंगावरून चाललो, राग धरू नको, असं सांगतो." हे ऐकल्यापासून मीही रोज पहिल्या फेरीला मनात तेच म्हणत आलो.

लढाईची वर्षं होती, रॉकेल मिळायची मारामार होती, त्या काळातली ही गोष्ट. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार भरतो. घोडेवाले दुरून दुरून यायचे. एरवी त्या दिवसांत पाणी इतकं उतरलेलं असतं की वरच्या अंगाला घोडी पायउतारानं, म्हणजे पाण्यातून चालतच, नदी ओलांडतात. त्या वर्षी वर कुठंतरी अवकाळी पाऊस झाला आणि पाणी चढलं. तो उतार बुडाला. दक्षिणेच्या काठावर घोड्यांचे तळ पडले. मग नावेमागं घोडी पोहवत न्यायची, दुसरा उपाय नव्हता.

घोडं पोहवत नेणं म्हणजे असं. नावेच्या मागच्या अंगाला एकानं कासऱ्याचा दोर धरून बसायचं, घोडं मागं पाण्यात. त्याचं तोंड वर राहील एवढाच दोर आखूड ठेवायचा. घोडं पोहतं उत्तम, पण त्याला समोरचा काठ दिसला पाहिजे. काठ दिसला की ते आपोआप तिकडं जातं. आणि एकटं घोडं सहसा पाण्यात उतरत नाही. दोन-चार पुढं गेली की त्यांच्या मागं उतरतं.

त्या दिवशी दुपारी घोडेवाल्यांची पहिली तुकडी निघायच्या बेतात होती आणि कौतिकबाई काठावर आली. बरोबर तिची पांढरी घोडी, चंद्री. कौतिकबाई म्हणजे दोंडाईच्याच्या धोंडूदादा टांगेवाल्याची बायको. धोंडूदादा आमच्या चांगल्या ओळखीचा, कारण स्टेशनावरचे उतारू घाटापर्यंत तोच आणायचा. दिवाळीच्या आधी तो तापानं गेला. टांगा भावबंदांनी ठेवून घेतला. घोडी मात्र कुणाला नको होती. आता कौतिकबाईचा भाऊ शहाद्याकडून बैलगाडी घेऊन आला होता आणि सारंगखेड्याच्या घाटावर थांबला होता. बहिणीला घेऊन जायचं, बोचकं घेऊन जायचं, आणि घोडीही आणलीस तर आण, असं त्यानं कळवलं होतं.

मी घोडीजवळ गेलो तेव्हा मला दिसलं. दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली, बुबुळांवर दुधासारखी साय. मी म्हटलं, "मावशी, हिले तं दखात नही."

"दोन साल व्हई ग्यात," कौतिकबाई म्हणाली. "उतारूसले पत्ता लागू दिन्हा नही त्यासनी. ह्या बोलेत, ती चाले."

ऐकून मी थक्क झालो. म्हणजे दोन वर्षं आमच्या घाटावर जो टांगा यायचा, उतारावरून, बाभळींतून, तो आंधळ्या घोडीचा होता. धोंडूदादा सतत बडबड करतो म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो. ती बडबड आमच्यासाठी नव्हतीच.

उखाबाबांनी घोडीच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. घोडीनं पापणी हलवली नाही, पण कान त्यांच्याकडे वळवले. मग बाबांनी पाण्याकडे पाहिलं.

"पाणी उतरू दे," ते म्हणाले. "चार दिन थांब."

"बाबा, थांबू कोठे? घर राह्यनं नही. भाऊ गाडी लिसन बठेल शे. तो एकदाव गया तं परत येवाना नही." मग तिनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. "आनी हिले सोडीसन मी जास नही. ह्या जातायेळे तेच सांगी गयात."

बाबांनी तिकडे पाहिलं. घोडेवाल्यांची घोडी पाण्यात उतरायला लागली होती. आज त्यांच्या संगतीत उतरली तर उतरली, उद्या एकटीला कोण उतरवणार. त्यांनी मान हलवली आणि सुकाणूकडे गेले. त्यांचा होकार असाच असायचा.

पुढच्या नावेमागं तीन घोडी निघाली. आमच्या नावेत आठ-दहा उतारू, मागच्या अंगाला कौतिकबाई, तिच्या हातात चंद्रीचा दोर, आणि दोराचा एक वेढा मी खुंटीला दिला होता, म्हणजे ओढ बसली तर बाईचे हात सोलून निघू नयेत. कौतिकबाई बोलत होती. "ये वं चंद्रे, ये. पाणी शे, दुसरं काही नही. थंड शे, माले ठाऊक शे. ये." चंद्री पुढच्या घोड्यांचा वास घेत, बाईचा आवाज ऐकत, पाय चाचपत उतरली. पोटापर्यंत पाणी आलं, पाठीवर आलं, आणि मग तिचे पाय सुटले आणि ती पोहायला लागली. पांढरं डोकं पाण्यावर, नाकपुड्या फुगलेल्या, दोन्ही कान पुढं, बाईच्या आवाजावर लावलेले. मी वल्हं मारत होतो आणि तिच्याकडे बघत होतो. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग धार लागली, आणि बाबांचा डावा हात वर गेला.

चूक झाली ती इथं. तशी ती कुणा एकाची नव्हती. बाबांचा हात आयुष्यभर धारेत वर जात आला होता, तो गेला. उतारूंना आयुष्यभर गप्प बसायची सवय, ते गप्प बसले. कौतिकबाई बोलतच होती, तर शेजारच्या दूधवालीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "मावशी, धार शे. गप ऱ्हाय." आणि कौतिकबाईही त्याच पाण्याची. तिनंही मुकाट तोंड मिटलं. आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की नावेमागं जे जनावर आहे त्याचे डोळे आम्ही आत्ताच बंद केले.

नाव शांत झाली. फक्त पाणी. मी चंद्रीकडे पाहिलं. तिचे कान आधी पुढं होते ते फिरायला लागले. एक डावीकडे, एक मागं. पाणी सगळीकडून वाजत होतं आणि सगळीकडे सारखंच वाजत होतं. तिनं मान वळवली आणि ती धारेबरोबर खाली वळली. दोर ताणला गेला, खुंटी कुरकुरली, आणि नावेचं मागचं टोक तिच्याबरोबर खाली ओढलं गेलं. नाव धारेला आडवी झाली. वरच्या बाजूनं पाणी आत आलं. बाया एकमेकींना धरून बसल्या, तरी कुणी ओरडलं नाही, इतका तो रिवाज अंगात मुरलेला.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. नाव आणि जनावर यांत नाव वाचवायची. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हाताची कड दुसऱ्या हातावर मारून दाखवली. मी फळीखालचा विळा काढला आणि दोर कापला. खुंटीशी उरलेला तुकडा कौतिकबाईच्या हातात राहिला. ती त्याच्याकडे बघत होती.

नाव सरळ झाली. चंद्री सुटली आणि वाहायला लागली. पांढरं डोकं गोल फिरलं, परत फिरलं. आमच्यात आणि तिच्यात पाणी वाढत चाललं.

आणि तेव्हा मला सुकाणूकडून आवाज आला. जन्मात पहिल्यांदा, धारेच्या मध्यभागी, उखाबाबा बोलले.

"बोल वं माय. बोल. थांबू नको."

कौतिकबाईनं मान वर केली. शेतातून पलीकडच्या शेतात हाक मारावी तशी तिनं हाक मारली, "चंद्रे! आठे शे मी. आठे!"

ते पांढरं डोकं थांबलं. कान पुढं आले. मी शपथेवर सांगतो, एवढ्या पाण्यात, एवढ्या खळखळीत, त्या जनावरानं तो एक आवाज निवडून घेतला. ती वळली आणि आमच्याकडे पोहायला लागली. दोर नव्हता, काही नव्हतं.

"तठे कोठे चालनी भवाने?" कौतिकबाई आता तिला रागावत होती. "तठे कोन शे तुन्हं? इकडे ये. पहिलापासून अशीच शे तू. जवारीना कणगीमा तोंड घालं तू, आनी मी मारं मांजरले. ये. पाय हालाव. मन्हासारखी म्हातारी झायी का तू? ये."

बाबांनी आम्हाला खूण केली, वल्ही उचला. आम्ही उचलली. नाव धारेबरोबर खाली वाहायला लागली. तेव्हा मला कळलं की बाबा काय करताहेत. आम्ही घाटाकडे गेलो असतो तर घोडी खाली राहिली असती आणि आवाज तिच्यापासून तुटला असता. म्हणून त्यांनी नाव घोडीबरोबर खाली सोडली. ती वाहील तशी आपणही वाहायचं, फक्त आवाज पलीकडच्या काठाच्या बाजूला ठेवायचा. अधूनमधून बोटानं खूण करायचे, आम्ही एकेक हात मारायचो, वल्ह्याचा आवाज होणार नाही असा. सारंगखेड्याचा घाट समोर आला. तिथं यात्रेची माणसं उभी होती, कौतिकबाईचा भाऊ उभा होता, बैलगाडी दिसत होती. घाटाचा दगड आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. काठावरची माणसं हात करून ओरडत होती, "उखाबाबा, घाट! घाट ऱ्हायना!" बाबांनी तिकडे पाहिलंही नाही.

घाटाच्या खाली काही अंतरावर नदीत खडक आहेत. त्यांच्यावर पाणी फुटतं त्याची घरघर लांबून ऐकू येते. ती घरघर आता वाढत चालली. तिच्यात कौतिकबाईचा आवाज बुडायला लागला. तिनं आवाज चढवला. मघाशी ती रागावत होती, आता ती सांगायला लागली. धोंडूदादाला ताप कसा आला, तो शेवटी काय म्हणाला, तो गेला त्या दिवशी चंद्रीनं दावणीला कसं काही खाल्लं नाही. "तुन्हा धनीनी माले सांगं, हिले परकाना दारशी बांधू नको. सांगं व्हतं ना? तू आयकं ना? मंग ये ना माय. मी एकली पल्याड जाईसन काय करू?" आवाज चिरकत होता, फुटत होता, तरी ती थांबत नव्हती. नावेतली एकही बाई डोळे पुसल्याशिवाय राहिली नाही, पण हुंदका कुणी काढला नाही, त्या आवाजात दुसरा आवाज मिसळू नये म्हणून. मी वल्ह्यावर हात ठेवून बसलो होतो. तापी मी पुरात पाहिली आहे, झाडं गिळताना पाहिली आहे, पण त्या घटकेला तिच्यापेक्षा मोठं काहीतरी तिच्या अंगावरून चाललं होतं, आणि मला ते बघवतही नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

खडकांच्या अलीकडे काठाला एक खोबण आहे, तिथं पाणी उलटं फिरतं आणि शांत असतं. बाबांनी सुकाणू दाबलं, आम्ही जीव खाऊन वल्ही मारली, आणि नाव धारेतून निसटून त्या शांत पाण्यात शिरली. कौतिकबाईनं शेवटची एक हाक मारली. ती हाक नव्हतीच, नुसता घशातला वारा. पण चंद्री तोवर जवळ आली होती. धारेनं तिला एकदा फिरवलं, ती परत वळली, आणि मग तिची पाठ एकदम वर आली. पायांना जमीन लागली होती.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. अंग थरथरत होतं, पोट भात्यासारखं हलत होतं. कौतिकबाई नावेतून तशीच पाण्यात उतरली, लुगडं भिजवत तिच्याजवळ गेली आणि तिच्या मानेला मिठी मारली. तिला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता, सगळा संपला होता. चंद्री तिचा खांदा हुंगत होती आणि कान हलवत होती, बाई अजून कशी बोलत नाही म्हणून.

तिथून घाटापर्यंत काठाची वाट म्हणजे नुसते दगड, बाभळीची मुळं आणि चढ-उतार. आंधळ्या जनावराला तिथून न्यायचं तर कुणीतरी बोलायला हवं होतं. मग उखाबाबा सुकाणू सोडून खाली उतरले. मी त्यांना सुकाणू सोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घोडीच्या मानेखाली लोंबणारा कापलेला कासरा हातात घेतला, कौतिकबाईकडे पाहून तिला मागं यायची खूण केली आणि घोडीच्या कानाजवळ तोंड नेलं.

"चाल माय," ते म्हणाले. "आठे दगड शे. पाय उचल. हां, आसाच. आते चढ शे, भिऊ नको."

चंद्रीनं नवा आवाज ऐकला. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं एक पाय उचलला, तो दगडावर ठेवला, आणि ती निघाली. मागं कौतिकबाई, भिजलेली, मुकी. आम्ही नावेचा दोर खांद्यावर घेतला आणि नाव वर ओढत त्यांच्या मागून चाललो. बाभळींमुळं ती तिघं दिसत नव्हती. पण बाबांचं बोलणं ऐकू येत होतं. आयुष्यभर जो माणूस चार शब्दांवर दिवस काढायचा, तो घाटापर्यंत एकदाही थांबला नाही. दगड सांगून झाले, मुळं सांगून झाली, तेव्हा त्यांनी चंद्रीला नदी कशी आहे ते सांगायला सुरुवात केली.